गोव्यात छोटं हस्तकलेचं दुकान: स्टाफचे वाढदिवस, सण आणि आपले कलाकार, नवीन लोकांसाठी सगळं सुरुवातीपासून

ज्यांनी आत्ताच गोव्यात छोटंसं हस्तकलेचं दुकान टाकलंय, किंवा अशा दुकानात मॅनेजर म्हणून लागलेत आणि ज्यांच्या अंगावर "उद्या तिचा वाढदिवस आहे, काहीतरी कर ना गं" असं काम अचानक येऊन पडतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी म्हापशात असं एक दुकान गेली ११ वर्षं सांभाळते. आम्ही पाच जण आहोत, दोघी कॅथलिक, तिघं हिंदू, आणि आम्हाला माल देणारे कलाकार पंचवीस-तीस तरी असतील, कोणी नियमित देतात कोणी वर्षातून एकदाच.

पहिल्या वर्षी आम्ही वाढदिवस करायचो तो असा, बेकरीतून केक, चार फुगे, आणि गिफ्ट म्हणून बाजारातनं आणलेली प्लास्टिकची फोटो फ्रेम. दिवसभर आम्ही गिऱ्हाइकाला सांगणार की हे हाताने केलेलं आहे, याची किंमत समजून घ्या, आणि आपल्याच माणसाला देताना मात्र कारखान्यातली फ्रेम. कोणाला खटकलं नाही तेव्हा, मला पण नाही.

मग दुसऱ्या वर्षी पॅकिंगला असलेल्या मुलीचा वाढदिवस होता आणि नेमके त्याच दुपारी डिचोलीकडचे कुंभार काका माल घेऊन आले, ऊन रणरणतं होतं, म्हटलं काका बसा, केक खाऊन जा. काका बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी खोक्यातलं एक मडकं उचलून बोटाच्या पेराने वाजवलं, खणखणीत आवाज आला. मग दुसरं वाजवलं, ते बद्द वाजलं. म्हणाले "हें कुशीक दवर बाय (हे बाजूला ठेव), दिसत नाही पण आत चीर आहे." झालं, सगळ्यांनी केक सोडून मडकी वाजवायला घेतली, अर्धा तास तोच कार्यक्रम. पण त्यानंतर ती मुलगी गिऱ्हाइकासमोर मडकं वाजवून दाखवायला लागली, हे बघा आवाज ऐका, आणि आमचा मातीच्या वस्तूंचा कोपरा जो कित्येक महिने धूळ खात होता तो हलायला लागला. मी तिला कुठलंही ट्रेनिंग दिलं नव्हतं, तिने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं एवढंच.

तेव्हापासून आमच्याकडे स्टाफचा प्रसंग आणि कलाकाराची भेट एकत्रच असते. ते कसं जमवायचं ते आता क्रमाने सांगते, काही ठिकाणी जास्त लिहीन कारण तिथेच लोक चुकतात.

१) आधी एक वही करा

मोबाईलमधलं कॅलेंडर पण चालेल पण वही काउंटरखाली असली की सगळ्यांना दिसते. तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या. स्टाफचे वाढदिवस आणि कामाला लागल्याच्या तारखा. सणवार. आणि तिसरं, जे कोणी लिहीत नाही, कलाकारांचे कामाचे महिने.

सणांचं असं की गोव्यात ऐन सणाच्या दिवशी स्टाफ तुमच्याकडे नसणारच, धरून चाला. चवथीला म्हणजे गणेशचतुर्थीला माणूस मूळ घरी जातो, मग ते घर पेडण्यात असो की काणकोणात, आणि नाताळला कॅथलिक मुली घरी असतात. त्यामुळे चवथ, नाताळ हे दुकानातले सण नाहीत, ते आधीच्या आठवड्यात करायचे. उलट लक्ष्मीपूजन हा खरा दुकानाचा सण, तो दुकानातच होतो. बाकी वहीत २४ जूनचा सांजाव म्हणजे सेंट जॉनचा सण लिहा, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त लिहा (त्याच्या आधी नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना असतात, कोणाला पहाटे चालत जायचं असतं, उशिरा येईन म्हणून सांगतात, येऊ दे), १९ डिसेंबर मुक्तिदिन, ३० मे घटकराज्य दिन. श्रावण आणि कॅथलिक लोकांचा लेंट म्हणजे कोरेज्म, ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, हे दोन्ही पण लिहून ठेवा कारण खाण्याचं त्याच्यावर ठरतं.

आता कलाकारांचे महिने. गोव्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणपतीला बंदी आहे, त्यामुळे चिकणमातीच्या मूर्ती करणाऱ्यांकडे चवथीच्या आधीचे दोन-तीन महिने श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा त्यांना "काका आमच्याकडे डेमो द्या ना" म्हणणं म्हणजे त्रास देणं आहे. आकाशकंदील करणारे दिवाळीआधी मिळणार नाहीत, क्रोशाचं काम करणाऱ्या आंटी नाताळच्या ऑर्डरीत असतात. आणि पावसात माती वाळत नाही, भट्टी लावणं कठीण होतं, म्हणजे जुलैत कुंभाराकडे नवीन माल मागू नका, पण क्रोशा, करवंटीचं काम, टाइलवरची चित्रं, ही घरात बसून होणारी कामं करणारे लोक पावसात मोकळे असतात आणि आपल्याकडेही गिऱ्हाईक कमी असतं. आमचे सगळ्यात चांगले कार्यक्रम जून-जुलैतच झालेत.

२) पैशाचं आधी ठरवा

स्टाफकडून वर्गणी काढू नका. कोणी प्रेमाने काही आणलं तर आणू दे, पण "प्रत्येकी शंभर" असं फिरवलं की ज्याचा पगार कमी त्याला ते सगळ्यात जास्त लागतं आणि तो बोलत पण नाही. दुकानाने दर महिन्याला एक रक्कम बाजूला काढावी, आम्ही एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. एका वाढदिवसाला आमचे साधारण ८०० रुपये जातात, त्यातले ५०० वस्तूचे, बाकीचे खाण्याचे. कलाकाराला बोलावलं तर त्याचं मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा.

आणि ती ५०० ची वस्तू घेताना कलाकाराला पूर्ण पैसे द्यायचे. "स्टाफसाठीच आहे हो, जरा कमी करा" हे बोलायचं नाही. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा आपल्याला राग येतो ना, मग आपण तेच कसं करायचं.

बोनसची गोष्ट यात मिसळू नका. बोनसचा कायदा साधारण २० किंवा जास्त माणसं असलेल्या जागेला लागतो, म्हणजे पाच जणांच्या दुकानाला तो लागणार नाही, पण चवथीला किंवा दिवाळीला हातात रोख काहीतरी देण्याची पद्धत इथे आहे आणि ती पाळावी. सुंदर रंगवलेला पाट दिला म्हणून ते पैसे वाचवायचे नाहीत. चवथीला घरी जाणाऱ्या माणसाला पैसेच लागतात, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान, फटाके, बसभाडं, सगळ्याला.

३) आजूबाजूला कोण काय करतं ते बघून घ्या

नवीन माणूस इथे घाई करतो, होलसेलवाल्याकडून "गोवा सुव्हेनिर" म्हणून जे मिळतं ते भरतो. आधी फिरा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहेच, सकाळी लवकर जा, मडकी, टोपल्या, सुपं घेऊन बसलेल्या बायकांशी बोला. पावसाआधी पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवणीच्या सामानाचे, बाजार भरतात तिथे जा. जत्रा-फेस्तांच्या फेऱ्या बघा. पणजीला कला आणि संस्कृती खात्याचा लोकोत्सव भरतो, राज्याच्या हस्तकला महामंडळाची अपरांत नावाची दुकानं आहेत, तिथे काय काय आहे ते नुसतं बघून आलात तरी डोळा तयार होतो. आणि पणजीच्या आल्तिन्यावर गोवा कला महाविद्यालय आहे, १९७२ पासून, तिथली मुलं छोटी कामं घ्यायला उत्सुक असतात, आमची दुकानाची पाटी तिथल्याच एका मुलीने रंगवलीय.

आता कामांबद्दल थोडं, कारण स्टाफला कुठली वस्तू द्यायची आणि कुठल्या कलाकाराला बोलवायचं हे यावर ठरतं.

*मातीचं काम.* डिचोली भागात जुनं आहे. आवाजाची परीक्षा वर सांगितलीच. मातीचं भांडं कोणाला भेट दिलंत तर सोबत सांगा की वापरायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर पहिल्याच दिवशी तडकलं म्हणून ती बिचारी गप्प बसेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

*कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं लाखेचं काम.* पाट, चवरंग, पाळणे, खेळणी. लेथवर लाकूड गरगर फिरत असतं, त्याच्यावर लाखेची कांडी दाबली की घासून घासून जी उष्णता होते तिने लाख वितळते आणि लाकडावर चढते, हे एकदा डोळ्यांनी बघितलेला सेल्समन वेगळाच बोलतो. पण लेथ दुकानात आणता येत नाही, म्हणून आम्ही वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळे कुंकळ्ळीला जातो, तीच आमची पिकनिक. आणि एक, आपल्या शेजारी सावंतवाडीला पण लाकडी खेळण्यांचं आणि गंजिफाचं (हाताने रंगवलेल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचं) फार सुंदर काम आहे, ते जरूर ठेवा, पण पाटी सावंतवाडीचीच लावा, गोव्याचं म्हणून विकू नका.

*कावी.* गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगातली ती नक्षी. पांढऱ्या चुन्यावर तांबडी काव चढवायची आणि ओली असतानाच ती नक्षीप्रमाणे खरवडायची, की खालचा पांढरा वर येतो. म्हणजे रंगवत नाहीत, खरवडतात. हल्ली कागदावर, कोस्टरवर, कापडावर कावीचे नमुने करतात, छान असतात, पण ते कावी पद्धतीचे नमुने आहेत, कावी नव्हे, हा फरक स्टाफला नीट समजावा. आमच्याकडे आलेल्या कलाकाराने एका फरशीच्या तुकड्यावर खरी कावी करून दाखवली आणि ज्या ताईंचा वाढदिवस होता त्यांना शेवटच्या चार रेघा खरवडू दिल्या, तो तुकडा अजून त्यांच्या देवघराजवळ आहे.

*अझुलेज टाइल.* पोर्तुगीज पद्धतीच्या, चित्रं रंगवून भाजलेल्या टाइल. पर्यटक हमखास विचारतात, पोर्तुगीजमध्ये अझुल म्हणजे निळा, तर निळ्या म्हणून अझुलेज का? तर नाही, शब्द अरबीतून पोर्तुगीजमध्ये आला, गुळगुळीत केलेला दगडाचा तुकडा अशा अर्थाचा. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ चे जॉर्ज कोलासो यांचे मोठे टाइलचे पॅनल आहेत, फुकट बघता येतात, स्टाफला एकदा घेऊन जाच. हाताने रंगवून भट्टीत भाजलेली टाइल आणि स्टिकर मारलेली टाइल यातला फरक नखाने कड घासून कळतो.

*क्रोशा, लेस* सासष्टी-बार्देशच्या घराघरात. *करवंटीच्या वस्तू*, खोबरेल तेलाचा हात फिरवला की वर्षानुवर्षं चकचकीत राहतात. *बांबूच्या टोपल्या*, पावसात बुरशी धरतात, अधूनमधून उन्हं पडली की बाहेर काढा. *कुणबी साडीचं कापड*, तांबड्या चौकडीचं, जे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी परत लोकांसमोर आणलं, यात पॉवरलूमचं भरपूर मिळतं म्हणून विणणाऱ्याला भेटल्याशिवाय हातमागाचं म्हणून लेबल लावू नका.

शंख-शिंपल्यांच्या वस्तूंबद्दल मात्र सांभाळून. प्रवाळ आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये संरक्षित आहेत, ते विकणं गुन्हा आहे. कुठला शंख कुठल्या जातीचा हे ओळखता येत नसेल तर ठेवूच नका, आम्ही ठेवत नाही.

४) कलाकाराला विचारायचं कसं

पहिली गोष्ट, मेसेज पाठवून बोलावू नका. एकदा घरी जा. घरी गेलात की चहा होतो, काम कुठे करतात ते दिसतं, घरात कोण आजारी आहे, सून मदत करते की नाही, सगळं कळतं, आणि मग ती व्यक्ती तुमच्या दुकानात पाहुणी म्हणून येत नाही, आपलं माणूस म्हणून येते. वयाने मोठ्यांना काका, मावशी, आंटी, जे त्यांना चालतं ते. "आर्टिस्ट" म्हटलेलं काही जुन्या लोकांना अवघडल्यासारखं होतं, आमच्या टोपल्या देणाऱ्या मावशी म्हणतात मी टोपल्या करते, तेच म्हण. तेच म्हणते मी.

दुसरं, स्पष्ट सांगा. किती वाजता, किती वेळ, किती माणसं, काय करून दाखवायचं, किती पैसे. आम्ही अर्ध्या-पाऊण तासाचेही पैसे देतो कारण माणसाचा अर्धा दिवस जातो त्यात, म्हापशाला बसने यायचं, थांबायचं, परत जायचं. पैसे त्याच दिवशी, पाकिटात, निघायच्या आधी. "पुढच्या मालाच्या हिशोबात धरू" असं नाही.

तिसरं आणि यावर मी थोडं जास्त बोलणार, चित्राचे हक्क. मी पूर्वी जिथे काम करायचे त्या दुकानात एका चित्रकाराचं चित्र स्टाफच्या निरोप समारंभासाठी विकत घेतलं, भिंतीवर लावलं, छान. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आलं की हेच चित्र कापडी पिशव्यांवर छापून विकूया, छापलं, खपलंही. चित्रकाराला विचारलं नाही, नाव सुद्धा टाकलं नाही. त्याने ती पिशवी बाजारात कोणाच्यातरी खांद्यावर पाहिली. तो भांडला नाही, नुसता यायचा बंद झाला, आणि त्याच्या ओळखीचे आणखी दोघं बंद झाले. मी तेव्हा नवीन होते, गप्प राहिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणूनच हे एवढं लिहितेय.

कायदा साधा आहे. चित्र विकत घेतलं म्हणजे कागद किंवा कॅनव्हास तुमचा झाला, ते छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, तो लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. पण उलटी बाजू पण आहे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन तुम्ही मुद्दाम चित्र काढून घेतलंत आणि दुसरं काही ठरलेलं नसेल तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा धरला जातो. म्हणजे कलाकाराला माहीत नसताना त्याचा हक्क जाऊ शकतो. म्हणून आम्ही प्रत्येक ऑर्डरीला साध्या मराठीत अर्धं पान लिहितो, चित्र कशासाठी आहे, छापणार की नाही, छापलं तर दर नगामागे किती, नाव कुठे येणार. दोघांची सही, दोघांकडे एकेक प्रत. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो आणि त्यांच्या मुलाला किंवा मुलीला बसवून घेतो. वकील लागत नाही याला.

५) प्रत्यक्ष दिवस

वेळ दुपारची. गोव्यात आपण १ ते साडेतीन शटर खाली ओढतोच, तीच वेळ धरा, पण स्टाफची झोपेची वेळ आहे ती हे लक्षात ठेवा, कोणाच्या घरी लहान मूल आहे, कोणाला जेवण वाढायला जायचंय. आम्ही आधी विचारतो, आणि एक तासाच्या वर नेत नाही. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर ठेवू नका, शेवटची बस चुकते.

खाण्याचं: भाजी-पाव, केळ्याचे बन, मिरच्यांची भजी, कप केक. श्रावणात आणि कोरेज्मच्या शुक्रवारी शाकाहारीच मागवा म्हणजे कोणाला विचारत बसायला नको. केक अंड्याचा की बिनअंड्याचा हे ज्याचा वाढदिवस त्याला नाही, सगळ्यांना विचारा, नाहीतर एक जण नेहमी "मला नको, पोट भरलंय" म्हणत बसतो.

मालापासून लांब बसा. मेणबत्ती, क्रोशा, बांबू, सुकं गवत, हे एका खोलीत नको, मेणबत्ती लावायचीच तर लाद्यांवर खाली ठेवून. भज्यांचे तेलकट हात कापडाला लागले की तो माल गेला, म्हणून पाण्याचं भांडं आणि टॉवेल आधी ठेवा.

क्रम आमचा असा: आधी कलाकाराचं काम, मग केक, मग वस्तू. केक आधी कापला की सगळे सुस्तावतात आणि कलाकार ताटकळत बसतो. आणि कलाकाराने नुसतं दाखवायचं नाही, प्रत्येकाने हात लावून बघायचा. क्रोशाची एक साखळी घालायला आमच्या डिलिव्हरीच्या मुलाला वीस मिनिटं लागली, घाम फुटला त्याला, आणि तो आता डॉयलीचा (क्रोशाच्या छोट्या रुमालांचा) पुडा असा उचलतो की जणू आत काच आहे.

वस्तू देताना ती कोणी केली त्याचं नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी त्यात हवी. करणारा समोर असेल तर त्याच्याच हातून द्या.

ज्याला वाढदिवस नको असेल त्याला जबरदस्ती नको. आमच्या एका ताईंचे वडील त्यांच्या वाढदिवसाच्या आसपास गेले, त्या दिवशी आम्ही काहीच करत नाही, दोन महिन्यांनी त्यांच्या कामाला लागल्याच्या तारखेला करतो.

६) कुठल्या प्रसंगाला काय

पाच वर्षं पूर्ण झाली की नावाची टाइल. घराचं नाव किंवा आडनाव, जे सांगतील ते, रंगवून भाजून. ही दुकानातली सगळ्यात महाग भेट आहे आमच्याकडे आणि सगळे तिची वाट बघतात.

निरोप. गोव्यात माणूस सोडून जातो तो बोटीवर नोकरीला, गल्फला किंवा इंग्लंडला. त्याला मडकं देऊ नका, टाइल देऊ नका, सामानाचं वजन मोजून जातो तो. करवंटीचा चमचा, क्रोशाची छोटी पट्टी, कुणबी कापडाचा पाऊच, खिशात मावेल असं. आमची एक मुलगी गेली तिला कुंभार काकांनी अंगठ्याएवढी मातीची पणती दिली कापसात गुंडाळून, ती दिवाळीला तिथून फोटो पाठवते.

सांजावाला फुलांचं कोपेल, म्हणजे डोक्यावरचा मुकुट. सकाळी अर्धा तास, प्रत्येकाने आपलं आपण गुंफायचं, ज्या आंटींना येतं त्या शिकवतात, दिवसभर डोक्यावर घालून काउंटरवर उभं राहायचं. गिऱ्हाइकांना फार आवडतं पण त्यांच्यासाठी करू नका, आपल्यासाठी करा.

चवथीच्या आधी छोटी माटोळी. चौकट सुताराकडून करून घ्या, एकदाच लागते. प्रत्येकाने आपल्या गावचं काहीतरी आणायचं, सुपारीचं शिपटं, तोरिंग, आंबाडे, कवंडाळ, घागऱ्या, आणि कुठलं काय हे ज्याने आणलं त्याने सांगायचं. आमच्या सत्तरीहून येणाऱ्या मुलाला जितकी रानातली फळं-पानं माहितीयत तितकी आम्हा चौघांना मिळून नाहीत, एरवी तो कमी बोलतो, त्या दिवशी तोच बोलतो. यातली काही रानफळं खायची नसतात, लहान मुलं दुकानात येत असतील तर उंच टांगा.

१७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती. त्या सुमारास चवथ येऊन गेलेली नसेल तर सगळे गडबडीत असतात, मग मागेपुढे करा. या दिवशी आम्ही कलाकारांना चहाला बोलावतो आणि कागदपत्रांचं बघतो. हस्तकला कारागिराचं पहचान कार्ड आहे का, २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घातलंय का, त्यात कुंभार, टोपल्या विणणारे, खेळणी करणारे धरून १८ व्यवसाय आहेत, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज, आधी १ लाख मग २ लाखांपर्यंत. फॉर्म भरायला आमची काउंटरवरची मुलगी बसते त्यांच्यासोबत, तिला कॉम्प्युटर येतो.

नरकचतुर्दशीला सकाळी फोव म्हणजे पोहे. मुलं रात्रभर नरकासुराच्या पुतळ्याच्या मागे जागलेली असतात, त्यामुळे त्या दिवशी दुकान अकराला उघडा. दुधातले, रोसातले (नारळाच्या गोड रसातले), ताकातले, बटाट्याचे, ज्याच्या घरी जे केलं असेल त्याचा एकेक डबा.

आणि लक्ष्मीपूजन. याच्या आधी एक काम पूर्ण झालंच पाहिजे, सगळ्या कलाकारांची देणी. माल ठेवून विकल्यावर पैसे अशी बोली असते ना बऱ्याचदा, तिथे रक्कम साचत जाते, ३०० इकडे, ७०० तिकडे, आणि कलाकार मागायला लाजतात. आम्ही पूजेच्या आठ दिवस आधी वही काढून बसतो, शेल्फवर काय उरलं ते मोजतो, गेलं त्याचे पैसे देतो, आणि ज्यांची देणी मिटली त्यांच्या नावापुढे स्टाफमधला एक जण हळदीकुंकवाचं बोट लावतो. सगळ्या नावांना बोट लागलं की मगच ती वही पूजेत ठेवायची. एका वर्षी दोन नावं राहिली होती, त्या मावशींचा फोन लागत नव्हता, आमचा मुलगा स्कूटर घेऊन पेडण्याला जाऊन पैसे देऊन आला, पूजा तासभर उशिरा झाली. झाली तर झाली.

नाताळच्या आधी गोठा, येशूच्या जन्माचा देखावा. सुकं गवत, कुंभार काकांकडच्या छोट्या मूर्ती, स्टार बांबूच्या कामट्यांचा आणि कागदाचा, स्वतः बांधलेला. हिंदू मुलं गोठा बांधायला सगळ्यात पुढे असतात, आणि लक्ष्मीपूजनाची रांगोळी आमच्याकडे कॅथलिक आंटी काढतात, त्यांचा हात चांगला आहे.

७) नंतरची कामं

दुसऱ्याच दिवशी, लक्षात आहे तोवर, स्टाफने काय शिकलं ते दोन ओळीत लिहायचं, आणि ते कार्ड त्या वस्तूशेजारी शेल्फवर लावायचं. तुम्ही लिहू नका, त्यांना लिहू द्या, शुद्धलेखन चुकलं तरी. "हे मडकं वाजवून बघा" एवढंच लिहिलेलं कार्ड आमच्याकडे अजून आहे, तीच त्या मुलीची अक्षरं, ती लग्न होऊन साखळी गावाला गेली तरी.

फोटो टाकायचे असतील तर कलाकाराला विचारून, नाव-गावासकट. काही बायकांना चेहरा नको असतो, हाताचा फोटो घ्या.

कलाकाराला फोन करून सांगा की तुम्ही दाखवलं तेव्हापासून काय विकलं गेलं. नाही विकलं गेलं तर तेही सांगा आणि का ते विचारा, त्यांना कारण माहीत असतं, बहुतेक वेळा आपण ती वस्तू चुकीच्या उंचीवर ठेवलेली असते. मग वहीत पुढच्या वाढदिवसाची तारीख बघा, त्याच्या समोर नवीन कोणाचं तरी नाव पेन्सिलने लिहा, आणि शुक्रवारी बाजारात गेलात की त्यांना भेटून या.